गावच्या घरात रेंज नाही? गणपतीला निघायच्या आधीच ही तयारी करा

कोकणात घर असेल आणि आई-बाबा तिथेच राहत असतील तर बॅगा भरायच्या आधी मोबाईलचं बघा, कारण चिऱ्याच्या जाड भिंती, वर पत्रा आणि घर डोंगराच्या कुशीत, मग अंगणात दोन दांड्या आल्या तरी माजघरात काहीच नाही.

पोचल्यावर आधी रेंज मोजा. नुसत्या दांड्या बघू नका, अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलात की बहुतेक फोनमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो, फोर-जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११५-१२० झालं की बोलणं तुटायला लागतं. पडवी, माळा, मागचं दार, सगळीकडे फिरून बघा आणि जिथे बरा आकडा येतो तिथे प्लग आहे का तेही बघा, नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड यादीत लिहा. आलेल्या पाहुण्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्यांच्या फोनवरही बघून घ्या, पोर्ट करायचं की दुसरं सिम टाकायचं ते त्यावरूनच ठरवा.

पण खरा उपाय वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरातल्या वायफायवरून नेहमीचाच फोन लावणं, आणि तो कितीतरी घरांत वायफाय असूनही बंदच असतो! एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये हे आणलं, वेगळे पैसे नाहीत, नंबर तोच, समोरच्याला काही ॲप लागत नाही. आई-बाबांच्या फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, दोन सिम असतील तर दोन्हीचं, मग एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवा आणि त्यांच्याकडूनच एक फोन लावून घ्या. लागला म्हणजे जमलं. बँकेचा ओटीपी येतो का तेही तेव्हाच बघा, औषधांची ऑर्डर अडते ती तिथेच.

आता लाईट. पावसात ती जाणारच आणि राउटर बंद पडला की हे सगळंच बंद, म्हणून राउटरसाठी छोटा यूपीएस न्याच, घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा.

ऑनलाईन मिळणारा स्वस्तातला रेंज वाढवायचा बूस्टर मात्र अजिबात आणू नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि त्याने टॉवरच्या सिग्नलमध्ये अडथळा येऊन अख्ख्या वाडीची रेंज बिघडू शकते.

शेवटी शेजारच्यांचे, डॉक्टरांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि आई-बाबांना सांगून ठेवा की आपल्या कंपनीची रेंज नसली तरी अडीअडचणीला ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावून बघायचा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडून तो लागू शकतो.