ॲमरिलिसची कुंडी बाहेर ठेवताय? मग या चुका टाळा

नर्सरीतून फुललेली ॲमरिलिस लिली आणायची, फुलं असेपर्यंत हॉलमध्ये मिरवायची आणि गळाली की कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात ढकलायची, मग पुढच्या वर्षी नुसती पानंच आली की कंदच खराब निघाला म्हणून नर्सरीवाल्याच्या नावाने बोटं मोडायची. अहो, कंद बहुतेक वेळा चांगलाच असतो. आपण नेटवर वाचून जे उपाय करतो ते असतात थंड देशांतले, तिकडे याला गोठण्यापासून जपावं लागतं. आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरला तरी हा कंद मजेत असतो, पण जुलैत पाणी तुंबलेल्या कुंडीत बघता बघता सडतो. आपल्याला जपायचंय ते पाण्यापासून.

पहिली चूक म्हणजे फुलं गेली की पानांसकट सगळं छाटून टाकणं. कापायचा तो फक्त फुलाचा दांडा, आणि बियांची बोंडं धरली असतील तर तीही काढा, उगाच ताकद खातात. पानं मात्र राहू द्या. पुढच्या सीझनचा कळा कंदाच्या पोटात आत्ताच तयार होत असतो, साधारण चार पानांमागे एक या हिशोबाने, त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्यात पानं कमी आली तर फुलंही बेताचीच येणार. शेजारी फुटलेल्या पिल्लांकडून लगेच फुलांची अपेक्षा नको, त्यांना दोन-तीन वर्षं लागतात.

दुसरी, घरातली कुंडी एकदम एप्रिल-मेच्या उन्हात नेणं. दोन दिवसांत पानांवर पांढरट भाजल्यासारखे पट्टे पडतात. आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन, आणि दुपारी ग्रीन नेट. कुंडी तापलेल्या स्लॅबवर डायरेक्ट ठेवू नका, खाली दोन विटा सरकवा, मुळं भाजत नाहीत आणि पावसाळ्यात खालचं भोकही मोकळं राहतं.

आता पावसाळा, खरा घोळ इथेच. कुंडी पागोळीखाली राहिली, खाली ताटली तशीच, माती नर्सरीच्या पिशवीतली चिकट, त्यात कंद गळ्यापर्यंत पुरलेला, झालं काम. कंदाचा वरचा एक-तृतीयांश भाग मातीच्या बाहेर हवा, आणि कुंडी कंदापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी, मोठ्या कुंडीत माती ओलीच राहते. मातीत वाळू किंवा परलाइट (पांढरे हलके खडे) आणि शेणखत घाला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जरा आवरतं घ्या. ताटली जूनमध्येच काढून टाका. मधूनमधून अंगठ्याने कंदाची मान दाबून बघा, घट्ट लागली तर ठीक, पिचपिचीत लागून कुबट वास आला तर वाट न बघता कंद उपटा, सडलेला भाग पांढरा टणक गर लागेपर्यंत चाकूने काढा, बुरशीनाशक पावडर लावून सावलीत दोन-तीन दिवस सुकवा आणि नव्या कोरड्या मातीत लावा. बुडाची चकतीच गेली असेल तर मात्र टाकून द्या, मुळं तिथूनच फुटतात.

खताचं फार मनावर घेऊ नका. पानं वाढत असताना पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) पातळ करून, लिटरला एखाद ग्रॅम, तेही सप्टेंबरपर्यंतच. युरिया टाकून पानं हिरवीगार दिसतात, फुलं नाही येत.

थंडीत उलटी चूक होते. रोज सगळ्या कुंड्यांना पाइप मारताना हिलाही पाणी. दिवाळीनंतर पाणी कमी करत न्या आणि मग बंदच करा, कुंडी पत्र्याखाली कोरड्या जागी सरकवा, अवकाळी पाऊस कधी येईल सांगता येत नाही. पानं पिवळी पडतील, घाबरू नका, आपोआप सुकली की ओढून काढा. साधारण दोन-अडीच महिने असा आराम मिळाला की काम होतं, मुंबई-कोकणात थंडी नसली तरी कोरडं ठेवून भागतं. कंद उपटून फ्रिजमध्ये ठेवायची काही गरज नाही, ती भानगड ट्युलिपची, त्याला थंडी लागतेच. फ्रिजमधल्या सफरचंद-केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीनने आतला कळा मरतो ते वेगळंच. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत मानेतून हिरवं टोक डोकावलं की थोडं थोडं पाणी सुरू करा, एकदम भरून नको.

अमेरिका-कॅनडातल्या मंडळींसाठी मात्र नियम वेगळा: रात्रीचं तापमान दहा अंश सेल्सिअसच्या वर टिकायला लागलं की कुंडी बाहेर, आणि पहिलं दहिवर गोठायच्या आत घरात. गोठलेला कंद परत उठत नाही.

पानांवर आणि दांड्यावर तांबडे डाग दिसले तर ती बुरशी, वरून पाणी मारणं थांबवा, डागाळलेली पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पावसाळ्यात पानं एका रात्रीत कुरतडलेली दिसली तर संध्याकाळी टॉर्च घेऊन पानांच्या बेचक्यात बघा, पांढरे-तांबडे ठिपके असलेली काळी अळी आणि तिची काळपट लेंडं सापडतील, ही अळी पानं संपली की कंदात घुसते, म्हणून दिसेल ती चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका आणि चार दिवसांनी परत बघा, अंड्यातून नवी निघालेली असतात. कुंडी हलवताना कुत्रा-मांजर असेल तर जरा उंचावर ठेवा, कंद विषारी असतो.