रिमोट डेस्कटॉपवर काळा पडदा? या चुका टाळा

रात्री अकराला ठाण्यातल्या घरून महापेच्या ऑफिसमधला लिनक्स सर्व्हर उघडायला गेलो. एक्सआरडीपीने (लिनक्सचा डेस्कटॉप दुरून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने) युजरनेम-पासवर्ड घेतला आणि पुढे नुसता काळा पडदा. नेटला शिव्या घातल्या, मग फायरवॉलच्या मागे लागलो.

चूक इथेच झाली. लॉगिनची खिडकी दिसली म्हणजे नेट आणि पोर्ट (सर्व्हरचं नेटवर्कसाठीचं दार) ठीक आहेत. गाडी अडलीय ती सेशन, म्हणजे लॉगिननंतरचा डेस्कटॉप, सुरू होताना. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत डेस्कटॉप नसतोच, तो वेगळा टाकावा लागतो. टाकूनही पडदा काळाच राहिला, तर होम फोल्डरमध्ये डॉट-एक्ससेशन (.xsession) नावाची फाइल करून त्यात एक्सएफसीई हा डेस्कटॉप सुरू करणारी ओळ लिहा. (जीनोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नका. एक्सएफसीई हलका आहे, रिमोटवर कुरकुरत नाही.) सगळ्यात जास्त चकवतं ते तिसरंच कारण. तोच युजर सर्व्हरच्या मॉनिटरवर आधीपासून लॉगिन असेल, तर दुसरं सेशन बऱ्याचदा उघडल्या उघडल्या मरतं. म्हणून आधी सेसमॅनचा (एक्सआरडीपीत सेशन सांभाळणाऱ्या भागाचा) लॉग वाचा.

मी वाचला नाही. एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडायच्या सोयीने) सर्व्हरवर शिरलो आणि त्याच एसएसएचला परवानगी न देताच यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल चालू केली. ती बिचारी विचारत होती, एसएसएच तुटू शकतं, पुढे जाऊ का? मी सवयीने वाय दाबला. उघडं टर्मिनल चालूच राहिलं, त्यामुळे काही कळलंही नाही. ते बंद केलं आणि घराची किल्ली आत राहून दार लागावं तसं झालं.

तेव्हा आधी एसएसएचच्या पोर्ट २२ला परवानगी, मगच फायरवॉल चालू. एक्सआरडीपीचा पोर्ट ३३८९ इंटरनेटला उघडा ठेवू नका. पासवर्ड चाचपणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. व्हीएनसी या दुसऱ्या रिमोट डेस्कटॉप पद्धतीचा ५९०१ तर मुळीच नको, त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात. एसएसएच टनेल (एसएसएचमधून जाणारा सुरक्षित बोगदा) करा: आपल्या मशीनचा ३३९० सर्व्हरच्या ३३८९ला जोडायचा आणि क्लायंटमध्ये (आपल्याकडच्या रिमोट डेस्कटॉप ॲपमध्ये) लोकलहोस्ट, म्हणजे आपलंच मशीन, आणि ३३९० टाकायचं. काम झाल्यावर खिडकीची फुली दाबून उठू नका, लॉगआउट करा. नाहीतर सेशन मागे मेमरी खात बसतं.

सकाळी वाशी लोकलने घणसोली, तिथून रिक्षाने महापे. सर्व्हर रूममधला मॉनिटर चालू केला. लॉक स्क्रीनवर माझंच युजरनेम.