‘थीव्हिश’ वापरताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ‘थीव्हिश’ (thievish) या इंग्रजी शब्दाचा अर्थ बहुधा पाठ असतो: चोरटा, चोरीची खोड असलेला. घोळ होतो तो ‘चोरटा’मुळेच.

आपल्याकडे चोरटेपणात लपवाछपवीही येते. चोर्ला घाटातून गोव्याची दारू पकडली की बातमीत ‘चोरटी वाहतूक’ असते. तिचं ‘थीव्हिश ट्रान्सपोर्ट’ करू नका. ती दारू कुणाची चोरलेली नसते, पैसे मोजून घेतलेली असते. चुकवलेला असतो तो कर. इंग्रजीत ते स्मगलिंग. कन्नडही इथे वाचवत नाही: ‘कळ्ळ’ म्हणजे चोर आणि तस्करी म्हणजे ‘कळ्ळसागणे’. दोन्ही भाषा कानावर असलेल्या मुलाची चूक त्यामुळे जास्तच पक्की होते. क्रिकेटमधली चोरटी धाव ‘क्विक सिंगल’, चोरकप्पा ‘सीक्रेट पॉकेट’. चोरट्या नजरेवर मात्र वाद घालता येईल. ‘चोरासारखा, गुपचूप’ हाही थीव्हिशचा एक अर्थ आहे, पण आता तिथे ‘फर्टिव्ह’च शोभतो. (गंमत म्हणजे तोही लॅटिनमधल्या चोरावरूनच आलाय.)

चोरलेल्या वस्तूलाही हा शब्द लागत नाही. खडेबाजारात मारलेला मोबाईल ‘स्टोलन’. थीव्हिश असतो माणूस, फार तर माकड. आणि तेही सवय असेल तर. शेजारच्या परड्यातला एखादा पेरू तोडला म्हणून कुणी थीव्हिश होत नाही.

‘ब्लॅकिश’ म्हणजे काळपट, म्हणून थीव्हिश म्हणजे ‘थोडासा चोर’ असं काहीजण धरतात. हा ‘इश’ ‘चाइल्डिश’मधला, म्हणजे ‘-सारखा’ या अर्थाचा आहे. स्पेलिंगमध्ये ‘थीफ’मधल्या एफचा व्ही होतो, ‘थीव्हज’मध्ये होतो तसा.

बोलण्यात थीव्हिश जरा जुनाट वाटतो. हात मारण्याची सवय असलेल्याला ‘लाइट-फिंगर्ड’ म्हणा. ‘क्लेप्टोमॅनिअॅक’ मात्र भुरट्या चोराला चिकटवू नका, तो मानसिक आजारामुळे चोरी करणारा. याच अर्थाचा ‘लार्सनस’ आला ‘लार्सनी’ (चोरी) या कायद्यातल्या शब्दावरून. इंग्लंडने तो गुन्हा १९६८च्या थेफ्ट अॅक्टने रद्द केला. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ कलमात साधा ‘थेफ्ट’ आहे. तेव्हा पोलिसांत इंग्रजीतून तक्रार लिहिताना ही सगळी विशेषणं बाजूला ठेवा. काय गेलं, कुठून गेलं, कधी गेलं, एवढंच लिहा.