जुनी शाळा पाडणार आहेत? मग आधी काय वाचवायचं आणि कसं

बडोद्यात एखाद्या जुन्या शाळेवर "इमारत जर्जरित आहे, आत जाऊ नये" असा बोर्ड लागला की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चार दिवस धडाधड मेसेज येतात, जुने फोटो निघतात, मग कोणीतरी म्हणतं निवेदन देऊया, आणि निवेदनावर सह्या गोळा होईस्तोवर आतली कपाटं रिकामी झालेली असतात. भिंत पाडायला टेंडर लागतं, मजूर लागतात, वेळ जातो, पण रजिस्टरं शिफ्टिंगच्या एका दुपारी रद्दीत जातात. म्हणून इमारत वाचवायला जरूर भांडा, त्याचंही खाली लिहिलंय, पण क्रम असा ठेवा: आधी कागद, मग माणसं, मग इमारतीचं मोजमाप, आणि अर्ज-बिर्ज पहिल्या दिवसापासून या सगळ्याच्या जोडीला.

कागद आधी का, तर सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेलीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात लागू केलं, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश मुलखात तेव्हा असा कायदा कुठेच नव्हता. कायदा पुस्तकात सापडतो, पण त्या कायद्यामुळे कुठल्या घरातलं पहिलं पोर शाळेत आलं हे फक्त शाळेच्या रजिस्टरात सापडतं.

कपाट उघडायच्या आधी

मुख्याध्यापक, ट्रस्ट किंवा शिक्षण समिती, ज्यांच्या ताब्यात शाळा असेल त्यांना लेखी पत्र द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की आम्ही एकही कागद बाहेर नेणार नाही, तिथेच बसून फोटो काढू. या एका वाक्यानं बरीच दारं उघडतात, कारण शाळेची रजिस्टरं अजून कामाची आहेत, सत्तरीतला माणूससुद्धा दाखल्यासाठी येतो आणि ती हरवली तर शाळेलाच त्रास. मूळ रजिस्टरं आपली शाळा ज्या शाळेत मर्ज होणार तिथेच जायला हवीत, ती आपल्या घरी आणू नका, कितीही जीव तुटला तरी. फक्त काय काय गेलं त्याची यादी करून त्यावर सही घ्या.

शोधायचं काय? वयपत्रक म्हणजे मुलांच्या दाखल्याचं रजिस्टर, हजेरीपत्रकं, इन्स्पेक्टर साहेबांचं शेरेबुक, पगारपत्रकं, मीटिंगची मिनिट्स, भिंतीवरचे ग्रुप फोटो. आणि डेडस्टॉक रजिस्टर, हे तर कोणी उघडूनही बघत नाही पण शाळेतली प्रत्येक वस्तू त्यात असते, बाक, घंटा, नकाशे, कधी घेतलं, केवढ्याला घेतलं. एका शाळेत आम्ही ते वाचत बसलो तर त्यात कापडी नकाशाची नोंद निघाली, आणि तो नकाशा खरंच कपाटामागे गुंडाळून उभा होता, वरच्या लाकडी दांडीवर रजिस्टरातलाच नंबर तेलरंगानं घातलेला.

वयपत्रकात नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख असं सगळं असतं, पण शेवटचा रकाना नीट वाचा, शाळा सोडल्याचं कारण. बदली, लग्न, कामाला लागला, अख्ख्या मोहल्ल्याचा इतिहास त्या एका रकान्यात मिळतो.

फोटो काढताना खिडकीजवळ बसा, फ्लॅश बंद, मोबाईल स्टँडला लावून बरोब्बर वरून, पानाशेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे साईज कळते, आणि प्रत्येक रजिस्टरचा पहिला फोटो कव्हरचा. बांधणी उसवू नका. स्कॅनर असेल तर लिखाणाला ३०० डीपीआय, जुन्या फोटोंना ६००. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, त्यातून कागद परत काढता येत नाही. ओली पानं उन्हात न टाकता मध्ये टीपकागद घालून पंख्याखाली वाळवा. जुन्यात जुन्या पानांवर मोडी निघू शकते, वाचता आली नाही तरी बाजूला टाकू नका, फोटो घ्या, वाचणारा नंतर शोधता येतो. कसर लागलेलं काही जास्तच नाजूक असेल तर हात लावण्याआधी आपल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या म्युझिऑलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र विभागात विचारा, १९५२ पासूनचा विभाग आहे, या विषयाची माणसं गावातच आहेत आणि आपण लांब लांब शोधत बसतो.

फाईलला नाव देताना शाळा, रजिस्टर, वर्ष, पान हा क्रम एकदा ठरवा आणि मोडू नका. कॉपी तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी किंवा क्लाउडवर. आणि एक हात जोडून सांगणं आहे, वयपत्रकाची पानं ग्रुपवर टाकू नका, त्यात हयात माणसांची जात आणि जन्मतारीख असते. ग्रुप फोटो टाका, तेवढं पुरे.

शाळेत काहीच उरलं नसेल तरी थांबू नका, फक्त कुठे काय शोधायचं ते कळायला हवं. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला गुजरात झालं, म्हणजे शाळेचा कागद तीन सरकारांच्या दफ्तरांत वाटला गेलाय. संस्थानाच्या काळासाठी राज्य अभिलेखागाराची बडोद्यातली कचेरी, संस्थानाची आज्ञापत्रिका म्हणजे तेव्हाचं सरकारी गॅझेट आणि दरवर्षीचे छापील प्रशासन अहवाल बघा, सेंट्रल लायब्ररीत आणि हंसा मेहता लायब्ररीत चौकशी करा. मधल्या ११ वर्षांचं काही मुंबईतही असू शकतं.

माणसं

सगळ्यात वयस्कर आधी, यात दुसरा विचार नको. आणि फक्त नाव कमावलेले विद्यार्थी नकोत, शिपाई, आयाबाई, समोरचा वह्या-पेन्सिलीवाला, यांना शाळा जास्त माहीत असते.

मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून त्यांच्याजवळ ठेवा, पंखा बंद करायला सांगा, रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर आधी त्यांच्याच तोंडून नाव, तारीख आणि "रेकॉर्ड करायला माझी हरकत नाही" हे येऊ द्या. "शाळेच्या आठवणी सांगा ना काका" असं विचारलं की सगळे तेच सांगतात, शिक्षक कडक होते, शिस्त होती. त्यापेक्षा जागेबद्दल विचारा. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काय होतं? पाण्याची टाकी कुठे? घंटा कोण वाजवायचं, ती पितळेची होती की रुळाचा तुकडा? पावसात कुठला वर्ग गळायचा? त्यांच्या हातात कागद द्या आणि नकाशा काढायला लावा, चुकीचा आला तरी चालेल, काढता काढता माणूस बोलतो. मध्येच गुजरातीत गेले तर जाऊ द्या, आपण सगळे तसेच बोलतो, लिहून काढतानाही तसंच ठेवा.

ग्रुप फोटोतली नावं लावायची पद्धत सोपी आहे. फोटोची मोठी प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर लावून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून नंबर घाला आणि तो कागद घेऊन घरोघरी फिरा. कोणी कुठलं नाव सांगितलं तेही लिहा, कारण दोघं दोन नावं सांगतात. मूळ फोटोच्या मागे बॉलपेन चालवू नका.

इमारत मोजणं

एकट्यानं आत जायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच, परवानगी आणि हेल्मेटशिवाय वरच्या मजल्यावरही नाही. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, दोन्ही कर्ण, दाराशी भिंतीची जाडी, जमिनीपासून तुळईपर्यंत उंची. कर्ण घेतले नाहीत तर खोली काटकोनात आहे की नाही तेच कळत नाही आणि कागदावर नकाशा जुळत नाही. फोटो प्रत्येक खोलीत चार भिंती, फरशी, छत. थ्रीडी मॉडेल करायचं असेल तर एका फोटोतला ६०-७० टक्के भाग पुढच्या फोटोत यायला हवा. आर्किटेक्चरच्या मुलांना बोलवा, त्यांना शिकायला मिळतं आणि आपल्याला नीट ड्रॉइंग.

अर्ज

माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट, पाडण्याचा ठराव, जागेचं प्रॉपर्टी कार्ड, आणि दुरुस्तीचा अंदाज काढला होता का, असेल तर त्याची नक्कल. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि फाईल समक्ष बघायचाही हक्क आहे, तो वापरा. रिपोर्ट आला की तपासणी कशी केली ते बघा. रिबाउंड हॅमर ही काँक्रीटची टेस्ट आहे, विटा-चुन्याच्या भिंतीला ती लावून इमारत नापास केली असेल तर चुन्याचं काम कळणाऱ्या इंजिनियरकडून दुसरं मत घ्या. कित्येकदा दुखणं कौलातून मुरणारं पाणी, भिंतीत उगवलेला पिंपळ आणि वरून मारलेलं सिमेंट प्लास्टर एवढंच असतं, सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही आणि आतला चुना सुटतो. इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या बडोदा शाखेला आणि महापालिकेला एकाच दिवशी पत्र द्या. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक व्हायला वय निदान १०० वर्षं लागतं, आणि साध्या शाळेला तो दर्जा मिळणं अवघडच, त्यामुळे "दुरुस्त करून वाचनालय किंवा बालवाडी करा" ही मागणी जास्त चालण्यासारखी आहे.

पाडणारच असतील तर

काटमाळाचा, म्हणजे पाडकामातून निघालेल्या मालाचा, लिलाव झाला की सागवानी दारं, तुळया, मंगलोरी कौलं सगळं कंत्राटदाराचं होतं, नंतर मागायला गेलात तर तो भाव सांगतो. म्हणून टेंडर निघायच्या आधीच लेखी द्या की कोनशिला, नावाची पाटी, घंटा, एक बाक, एक फळा, एक खिडकी चौकटीसकट आणि थोड्या विटा-कौलं बाजूला काढावीत, आणि ही अट टेंडरमध्ये यावी. काढायच्या आधी प्रत्येक वस्तूचा जागेवरचा फोटो, मागच्या बाजूला नंबर. कोनशिला फुटून निघते ती घाईमुळे, तिच्या कडेचा चुना छिन्नीनं हळूहळू मोकळा करायला लावा आणि तेव्हा तिथे आपल्यातलं कोणीतरी उभं राहा. वस्तू कोणाच्या घरी नेऊ नका. नवी इमारत होणार असेल तर तिच्या प्रवेशात जागा ठरवून घ्या, नसेल तर मर्ज झालेल्या शाळेत.

फोटो, रेकॉर्डिंग, ड्रॉइंग याची एक प्रत त्या शाळेला आणि एक लायब्ररीला द्या, देताना यादीच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेऊनच घरी या.