उसातल्या डीपीवरचा सेन्सर गप्प का होतो? या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसच्या पट्ट्यात रोहित्रांवर (डीपींवर) बिनतारी सेन्सर बसवायचे असतील, तर रेंजची पाहणी तोडणी झालेल्या मोकळ्या रानात करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. उसाची उंची वाढली की त्याच्या ओल्या पाल्यात रेडिओ लहरी शोषल्या जातात आणि जोडणी तुटू लागते. ८६५ मेगाहर्ट्झवर ५०० मीटर अंतरावरील दोन अँटेनांमध्ये नुसती सरळ नजर पोहोचून भागत नाही. मध्यावर त्या रेषेखाली साधारण चार मीटर जागा मोकळी लागते. ऊस तीन मीटर धरला, तर अँटेना सात मीटरच्या आसपास हवी. जिवंत तारांपासून सुरक्षित अंतर राखून तेवढी उंची मिळत नसेल, तर मध्ये एक रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणारे यंत्र, द्यावा. प्रक्षेपणाची शक्ती वाढवत बसण्यापेक्षा हा उपाय केव्हाही बरा, कारण शक्तीला नियमांची मर्यादा आहेच.

दुसरी चूक आराखड्यातली असते. कृषी फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाइनला, वीज पाळीने मिळते, आणि त्याच फीडरवर चालणारे सेन्सर एकमेकांचे संदेश पुढे नेत असतील, तर वीज जाताच संपूर्ण साखळी एकदम बंद पडते. म्हणजे लाइनवर नजर ठेवायची खरी गरज असते, नेमके तेव्हाच जाळे आंधळे! म्हणून संदेश पुढे नेणारे मोजके नोड (जाळ्यातली उपकरणे) गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनवर) किंवा बॅटरीवर ठेवावेत आणि प्रत्येक सेन्सरमध्ये ‘वीज गेली’ एवढा शेवटचा संदेश पाठवण्यापुरता सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा घटक) असावा. वीज परतल्यावर सगळे नोड एकाच क्षणी बोलू लागले, तर संदेशांची टक्कर होते. त्यासाठी प्रत्येकाला कमी-अधिक, यादृच्छिक विलंब द्यावा लागतो.

दोष शोधताना लाइनमनला थेट खांबावर चढवू नये. आधी नोंदी पाहाव्यात. एका फीडरवरचे सगळे सेन्सर एकाच मिनिटाला थांबले असतील, तर पाळीचे वेळापत्रक तपासावे. एकाच गेटवेखालचे (सेन्सरांचे संदेश गोळा करून सिमवरून पुढे पाठवणाऱ्या यंत्राखालचे), पण वेगवेगळ्या फीडरवरचे सेन्सर थांबले असतील, तर गेटवेचा वीजपुरवठा किंवा सिम पाहावे. एकटाच सेन्सर अधूनमधून हरवत असेल, तर संशय अँटेनावर घ्यावा. ती लोखंडी पेटीच्या आत राहिली असेल, तर बाहेर काढावी. बाहेर असूनही पावसानंतर त्रास होत असेल, तर कनेक्टर उघडून आतला तांब्याचा भाग हिरवट पडला आहे का ते पाहावे. तसे असल्यास पुसून भागत नाही, केबलच बदलावी लागते. नवी केबल पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर घ्यावी, म्हणजे पाणी झोळातूनच गळून जाते.