सोलापुरात बसून हाऊसचा रेकॉर्ड काढायचाय? हे वाचा

आधी एक क्लिअर करू, मिरवणुकीत डॉल्बीवर जे वाजतं ते हाऊस, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, नव्हे. हाऊस आलं शिकागोतून, 80 च्या दशकात, वेअरहाऊस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स वाजवायचा तिथून. बारमध्ये (चार ठोक्यांचं एक आवर्तन) चार सरळ किक, म्हणजे बास ड्रमचे ठोके, दोन आणि चारवर क्लॅप, किकच्या मधल्या जागेत हायहॅट (झांजेचा बारीक आवाज), आणि स्पीड 120 ते 128 बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके. बस. आणि 'आपल्याकडं हे चालत नाही' म्हणणाऱ्याला सांगा की मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच रोलँडच्या 808 (ड्रम मशीन) आणि 303 (बेस सिंथ) वर राग वाजवून रेकॉर्ड काढलेला, तेव्हा कुणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

सामान जास्त लागत नाही. चालणारा लॅपटॉप, बरा हेडफोन, आणि एबलटन, एफएल किंवा रीपर या म्युझिक सॉफ्टवेअरपैकी जे येतंय ते. 909 या ड्रम मशीनचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले सुटे आवाज) फुकट मिळतात, त्यात वेळ घालवू नका. वेळ घालवायचा तो स्वतःचा आवाज शोधण्यात, कारण तेच सॅम्पल पॅक बर्लिनचा पोरगाही वापरतोय आणि पुण्याचाही, मग तुमचा रेकॉर्ड ऐकायचा कशाला बे?

आपल्याकडं माग आहेत. पूर्व भागात ओळखीच्या कुणाच्या कारखान्यात मालकाला रीतसर विचारून जा, कामगारांना पण सांगा काय करताय ते, नाहीतर त्यांना वाटतं कुणीतरी तपासणीला आलंय. फोनचा साधा रेकॉर्डर नको, तो आवाज स्वतःच कमी-जास्त करतो आणि सगळं चेपून टाकतो. डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबणारी फाइल) रेकॉर्ड करणारं आणि गेन, म्हणजे माइकची पातळी, हातानं सेट करता येणारं ॲप घ्या, पीक (सगळ्यात मोठा आवाज) -12 डीबीच्या आसपास ठेवा, कानात बोळे घाला. एकदा दारात उभं राहून सगळ्या शेडचा आवाज घ्या आणि एकदा एकाच मागाजवळ. धोटा एका टोकाला जाऊन आपटतो तो 'खट्' हवाय, आणि माग बंद करताना मोटर खाली खाली येत जाते तो आवाज पण, ब्रेकडाऊनच्या (ठेका थांबतो तो भाग) आधी भारी बसतो.

आता घरी आल्यावर सगळं रेकॉर्डिंग ताणून 124 बीपीएमला बसवायला जाऊ नका. माग ऐकायला एकसारखा वाटतो पण वेग थोडा थोडा हलत असतो, ताणलं की आवाज चिकट होतो. त्यापेक्षा दोन-तीन चांगले 'खट्' कापून घ्या, 250 हर्ट्झच्या खालचं काढून टाका आणि सोळा स्टेपच्या ग्रिडवर (एका बारचे सोळा सारखे भाग) स्वतः मांडा. चादरीच्या जॅकार्डला कार्डावरची भोकं सांगतात कुठला धागा उचलायचा, सिक्वेन्सर, म्हणजे कुठल्या स्टेपवर कुठला आवाज ते वाजवणारा भाग, पण तेच करतो. 124 ला एक स्टेप साधारण 121 मिलीसेकंदाची होते. 4, 7, 12 आणि 15 व्या स्टेपवर टाकून बघा, स्विंग (एक सोडून एक स्टेप किंचित उशिरा वाजवणं) 55 टक्क्यांच्या आसपास, मग एखादा 'खट्' हातानंच थोडा मागं सरकवा. शेडचा मोठा आवाज अगदी बारीक ठेवून खाली पसरवा.

किक आणि बेस एकाच वेळी बोलले की सगळं गढूळ होतं, ९० टक्के होम ट्रॅक इथंच मरतात असं माझं मत. बेसच्या नोट किकच्या मधल्या जागेत टाका, साइडचेन लावा म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबतो, आणि 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हीकडं सारखंच. मिक्स झाल्यावर डीजे मित्राच्या डॉल्बीवर दुपारी एकदा वाजवून घ्या, रात्री 10 नंतर नको, पोलीस येतील. हेडफोनवर जो बेस मस्त वाटतो तो तिथं कधी कधी सापडतच नाही.

डीजेला मिक्स करता यावं म्हणून सुरुवातीला आणि शेवटी 32 बार नुसता ठेका सोडा, 124 ला तो एक मिनिटाचा होतो. इन्स्टासाठी वेगळा शॉर्ट एडिट काढा, मूळ ट्रॅक कापू नका. मास्टरिंगला (शेवटची आवाजाची सफाई) 24 बिटची फाइल द्या, मास्टरवरचा लिमिटर (आवाज वरून दाबणारा इफेक्ट) काढून. आवाज फोडून काही फायदा नाही, स्पॉटिफाय तसंही -14 लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) हिशोबानं खाली आणतं.

रिलीजचं थोडक्यात. गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारा कुठलाही डिस्ट्रिब्युटर चालेल, आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख नंबर) तोच देतो, तारीख चार आठवडे पुढची टाका आणि स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी पिच करायचं, म्हणजे गाणं घ्या म्हणून पाठवायचं तर रिलीजच्या किमान 7 दिवस आधी करा. सोबत बँडकॅम्पवर (गाणी थेट विकायची साइट) पण टाका, ते डिजिटल विक्रीतून 15 टक्के कापतात पण दहा जणांनी विकत घेतलं तरी हजारो स्ट्रीमपेक्षा जास्त पैसे हातात येतात. आणि कुणी मित्रानं गायलं असेल तर कुणाला किती टक्के ते अपलोड करायच्या आधीच लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.