जुन्या १६१३ ला वॉटर सेपरेटर बसवण्याआधीची तयारी

हे काम मे महिन्यातच उरकायचं. पाऊस लागला की टाकीत पाणी धरतं, आणि टाटा १६१३ सारख्या जुन्या ट्रकचा इन-लाइन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप) पाण्याने गंजला तर पंपवाल्याकडचं बिल मोठं येतं. काम तसं छोटं आहे: टाकीकडून फीड पंपाकडे (टाकीतलं डिझेल ओढून मुख्य पंपाकडे ढकलणारा छोटा पंप) येणाऱ्या लाइनवर खाली वाटी असलेला, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा आणि जुनी, कडक झालेली होज बदलायची. मुख्य पंप उघडायचा नाही, त्याचं सील तोडायचं नाही. 'जरा डिझेल वाढवून द्या, गाडी घाटात मरते' असं मालक म्हणतात तेव्हा माझा आग्रह एकच असतो, आधी पंपापर्यंत पुरेसं आणि स्वच्छ डिझेल पोहोचतंय का ते बघू. पंपाचा स्क्रू फिरवून फक्त काळा धूर वाढवण्यात गाडीचंही भलं नाही आणि मागून येणाऱ्यांचंही नाही.

पाना हातात घेण्याआधी गाडीची आजची अवस्था लिहून ठेवा. सकाळी थंड इंजिन किती वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होतं, चढावर पिकअप तुटतो का, धूर कसा आहे. मग टाकीचा तळाचा ड्रेन प्लग उघडून काचेच्या बरणीत लिटरभर डिझेल घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी तळाशी बसतं, रेघ स्पष्ट दिसते. खाली तपकिरी गाळ दिसला तर टाकी उतरवून धुणं हे पहिलं काम, फिल्टर नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फीड पंपाच्या अलीकडची लाइन ओढीची, पलीकडची दाबाची. दाबाच्या बाजूचा सांधा ढिला असेल तर डिझेल पाझरतं, त्यावर धूळ बसते, चालता चालता नजरेला पडतं. ओढीच्या बाजूला तसं नाही. चालू इंजिनात तिथे बाहेर थेंबही येत नाही, लाइन गुपचूप हवा आत घेते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते, डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो. आपण नवा फिल्टर नेमका याच बाजूला बसवणार, म्हणजे चार-सहा सांधे वाढवणार. म्हणून आधी फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवा. बुडबुडे आत्ताच दिसत असतील तर गळती आधीचीच आहे. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर सगळा दोष नव्या फिल्टरवर जाईल. ही नळी तपासणीपुरतीच. प्लॅस्टिक काही दिवसांत कडक होऊन चिरतं.

फिल्टर घेताना दुकानदाराला नुसतं 'ट्रकचा द्या' म्हणू नका. १३० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण २५ लिटर डिझेल जाळतं, पण फीड पंप त्याहून बरंच जास्त ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो. फिल्टरची क्षमता त्या ओढीला पुरणारी हवी. जाळीही ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची, जाडच घ्या. बारीक गाळण्यासाठी पुढे मूळचे फिल्टर आहेतच, आणि ओढीच्या बाजूला बारीक जाळी लावली तर पंप उपाशी राहतो. होज डिझेलला टिकणाऱ्या रबराची, आतला व्यास जुन्या पाइपाइतका किंवा जास्त. बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर सगळे नवे आणि चार जादा. टेफलॉन टेप आणू नका, तिचे तुकडे सुटून फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाण्याच्या फिटिंगही नकोत, डिझेलशी जस्ताचं जमत नाही.

जागा ठरवताना चासीवर सायलेन्सरपासून लांब, चाकाचे दगड लागणार नाहीत आणि वाटीखाली डबा धरता येईल अशी बघा. फिल्टर टाकीतल्या पातळीच्या खाली येत असेल तर अलीकडे पूर्ण भोकाचा कॉक (लाइन बंद करायची तोटी) लागेल, नाहीतर बदलताना टाकी अंगावर रिकामी होईल. ब्रॅकेटचं वेल्डिंग, भोकं पाडणं हे सगळं लाइन उघडण्याआधीच्या दिवशी, बॅटरी सोडून आणि टाकीपासून दूर. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३५ अंश इतकाच अपेक्षित आहे आणि मे महिन्याच्या दुपारी चासी त्याहून तापलेली असते. विडी-सिगारेट बाहेर, वाळूची बादली जवळ.

स्वच्छतेत हयगय नको. मुख्य पंपातला दट्ट्या म्हणजे प्लंजर आणि तो ज्यात फिरतो ते बॅरल, यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची, डोक्याचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. सांधे उघडण्याआधी डिझेलने धुवा, पाइप कटरने कापा, हॅक्सॉने नाही, आणि उघडं प्रत्येक तोंड लगेच बुचाने बंद करा. पुसायला धागे सुटणारं कॉटन वेस्ट नको.

लाइन उघडली की तिच्यात हवा शिरते. ती काढायला गाळलेलं दहा लिटर डिझेल तयार ठेवा आणि हँड प्रायमरचं (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) वॉशर आधीच तपासा. क्रम टाकीकडून इंजिनाकडे: नवा फिल्टर, मूळ फिल्टरचा स्क्रू, पंपाचा स्क्रू, शेवटी गरज पडली तरच नोझलच्या पाइपांचे नट. नोझलच्या बाजूची गळती बोटाने कधीच चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम टोचल्याएवढी दिसते आणि तरी थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. गळती बघायला बोटाऐवजी पुठ्ठा धरा.

कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या), बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना यातलं काही लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ते कंपनीच्या वर्कशॉपचं काम.

पहिली खेप जवळची घ्या. केबिनमध्ये दोन पाने, जादा वॉशर आणि एक रिकामा डबा असू द्या. पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी वाटीचा खालचा स्क्रू उघडून पाणी निघतं का ते ड्रायव्हरने बघायचं.